शेवटच्या घराची बादली

शिंदखेडा तालुक्यातल्या एका सरपंचताईंनी विचारलंय: "गाव २४० घरांचं, लोकसंख्या १,२००. दोन वर्षांपूर्वी घरोघरी नळ आले. पहिलं वर्ष बरं गेलं. आता वरच्या आळीला पाणी चढत नाही, पाणीपट्टी महिन्याला ५० रुपये ठेवली तर ७० घरंच भरतात, वीजबिल थकलंय. संडास जवळपास सगळ्यांकडे आहेत, पण निम्म्यांत कपाशीच्या काड्या नि सरपण भरलेलं. समिती कागदावर आहे. ठेकेदार काम संपवून गेला. सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात वरच्या आळीच्या शेवटच्या घरापासून करा. पट्टीवसुली, समिती, संडास हे सगळं त्या घराच्या तोटीला बांधलेलं आहे. वीस वर्षांहून जास्त काळ धुळे-नंदुरबारच्या गावांत हेच काम करतोय. बंद पडलेल्या योजनांत पाइप नाही किंवा विहीर आटली, असं मुख्य कारण फार थोड्या ठिकाणी निघालं. बहुतेक योजना अशा मेल्या: शेवटच्या घरांना पाणी मिळेना, त्यांनी पट्टी थांबवली, त्यांचं बघून मधल्यांनी थांबवली, बिल थकलं, एक दिवस मोटार जळाली आणि ती दुरुस्त करायला पेटीत पैसे नव्हते. तुमच्या गावात ही साखळी अर्ध्यावर आली आहे, अजून तुटलेली नाही.

आधी एक मोजमाप करा. १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. पाणी सुटलं की टाकीजवळच्या पहिल्या घरी, गावाच्या मध्यावर आणि वरच्या आळीच्या शेवटच्या घरी बादली भरायला किती वेळ लागतो ते लिहा. समितीच्या दोन-तीन बायकांना सोबत न्याच. मी हे एका गावात केलं तेव्हा पहिल्या घरी बादली ५० सेकंदांत भरली. शेवटच्या घरी एक म्हातारी आजी तोटीखाली बादली नव्हती लावत, ताटली लावायची, आणि ताटलीतून हंड्यात ओतायची. तोटी जमिनीपासून वीतभर उंच ठेवलेली, कारण त्याहून वर पाणी चढतच नव्हतं. अकरा मिनिटं झाली तरी बादली पुरती भरली नाही. समितीचे अध्यक्ष त्याच गावचे, पण त्या अंगणात ते पहिल्यांदा उभे होते. आजी एवढंच म्हणाली, "नळले पानीच येत नही, ते पैसा कसाले देवो?" त्या वाक्यापुढे वसुलीची कोणतीही नोटीस टिकत नाही.

आता हिशेब बघा. जलजीवन मिशननं १५ ऑगस्ट २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर हे माप धरलंय. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. तुम्ही पाऊण तास पाणी सोडत असाल आणि शेवटच्या घरी बादली तीन मिनिटांत भरत असेल, तर तिथे २२५ लिटर मिळतात. चालवून घेता येतं, पण पुरतं असं म्हणता येत नाही. दोन मिनिटांत भरली तर भागलं. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच तीन घरं पुन्हा मोजायची.

पाणी चढत नाही याची कारणं मी ज्या क्रमानं शोधतो तो क्रम सांगतो. पहिलं, टिल्लू मोटारी, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटारी. पाणी सुटलं की दहा-बारा घरांनी मोटार लावली तर वरच्या आळीला फक्त हवा जाते. मोटारी जप्त करून भांडण पेटतं, मी स्वतः पेटलेलं पाहिलंय. त्यापेक्षा पाणी सोडायच्या वेळी गावठाणाची सिंगल फेज लाइन तासभर बंद ठेवता येते का ते वीज कंपनीच्या लाइनमनशी बोलून बघा, आणि ग्रामसभेत ठराव करून वेळ ठरवा. मोटार लावणारा माणूसही वाईट नसतो. त्याला उद्याच्या पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून तो आजच ओढतो.

दुसरं, व्हॉल्व्ह. तुमच्या गावाची चढण बघता एकाच वेळी सगळ्या गावाला पाणी सोडणं चुकीचं आहे. टाकी भरलेली असताना आधी वरची आळी, मग मधली, शेवटी खालची. टाकी अर्ध्यावर आली की दाब कमी होतो, तोवर उताराची घरं भरायची राहिली तरी त्यांना मिळतंच. एका गावच्या वॉलमननं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्या माणसानं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे (फेरे) उघडायचा ते टाकीच्या खांबावर खडूनं लिहून ठेवलं होतं: वरची आळी १४ आटे, मारुती चौक ६ आटे, खालची वाडी ४ आटे. तो आजारी पडला त्या आठवड्यात त्याच्या पुतण्यानं खांबावरचं वाचून पाणी सोडलं आणि कोणाची तक्रार आली नाही. तुमच्याकडे हे ज्ञान एकाच माणसाच्या हातात असेल तर ते ऑइलपेंटनं भिंतीवर उतरवून घ्या.

तिसरं, गळती. रात्री दहाला टाकी भरा, गावाच्या लाइनी भरून घ्या, तोट्या बंद करायला दवंडी द्या आणि टाकीत काठी सोडून खूण करा. पहाटे चारला पुन्हा काठी सोडा. तुमची टाकी ५०,००० लिटरची आणि तीन मीटर खोल असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण १६५ लिटर. सहा तासांत ४० सेंटिमीटर उतरली तर साडेसहा हजार लिटरच्या वर पाणी कोणी न पिता गेलं. मग एकेका आळीचा व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या रात्री बघायचं. यंत्र लागत नाही, तीन-चार रात्री जागायची तयारी लागते.

हे तिन्ही करूनही वर पाणी पोहोचलं नाही, तर टाकीची जागाच चुकली असण्याची शक्यता आहे. ही चूक मी केली आहे. जलस्वराज्य प्रकल्पाचे दिवस होते, २००३ नंतरची वर्षं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात टाकीसाठी जागा हवी होती. उंचावरची जागा गायरानाच्या वादात होती आणि गावातल्या एका वजनदार कुटुंबानं आपल्या शेताच्या कडेची जागा फुकट देऊ केली. लोकवर्गणी गोळा झाली होती, पाहणी पथक येणार होतं, मी मान हलवली. टाकी झाली, उद्घाटन झालं, आणि भिलाटीच्या, म्हणजे भिल्ल वस्तीच्या, तीसेक घरांना एकही उन्हाळा पाणी मिळालं नाही. वर्गणी मात्र त्यांनी इतरांइतकीच दिली होती, मजुरीतून. त्या वस्तीत मी पुन्हा गेलो तेव्हा बायकांनी चहा दिला, त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून टाकीच्या जागेचा कागद पाहण्याआधी मी सगळ्यात उंच घराच्या उंबऱ्यावर लेव्हल ट्यूब, म्हणजे उंची जोखायची पाण्यानं भरलेली नळी, धरतो. तुमच्याकडे तसंच असेल तर वरच्या आळीसाठी एक छोटी वेगळी टाकी किंवा वेगळी लाइन हाच उपाय. वित्त आयोगाच्या निधीतला पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला वाटा यालाच आहे, तो पेव्हर ब्लॉककडे वळू देऊ नका.

आता पैसे. ५० रुपये हा आकडा कुठून आला? बहुतेक गावांत तो शेजारच्या गावातून येतो. तुमचा तुम्ही काढा. गावाला रोज ६६,००० लिटर हवेत, गळती धरून ८०,००० उपसा. पाच एचपीचा पंप तासाला १५,००० लिटर देत असेल तर साडेपाच तास चालेल, दिवसाला २२ युनिट, महिन्याला ६६० च्या आसपास. दर तुमच्या बिलावर बघा, उदाहरणाला ६ रुपये धरले तर ४,००० रुपये. वॉलमनचं मानधन ६,००० धरा, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) ५००, आणि मोटार रिवाइंडिंग, केबल, स्टार्टर यांसाठी दरमहा बाजूला ठेवायचे ३,५००. झाले १४,०००. सगळ्या घरांत वाटले तर ५८ रुपये, २०० घरंच भरतील असं धरलं तर ७०. आज तुमच्याकडे ७० घरांचे ३,५०० जमतात, म्हणजे वीजबिलही सुटत नाही. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर, सगळ्यांसमोर, एकेक ओळ विचारत मांडा. लोकांना ७० रुपये जड वाटत नाहीत, ते कुठे जातात हे न कळणं जड वाटतं.

पण वरच्या आळीकडून पहिले तीन महिने मागू नका. आधी पाणी चढवा, मग पावती घेऊन जा. समितीतले काहीजण म्हणतील की मग बाकीचेही देणार नाहीत. माझा अनुभव असा की कारण सांगून सोडलं तर गाव समजून घेतं.

वसुलीची वेळही आपल्याकडच्या रीतीनं ठरवावी लागते. दरमहा वसुली नोकरदार गावाला जमते. आपल्याकडे कपाशी विकली की हातात पैसा असतो, आणि मजूर घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. त्यांच्याकडे मार्चमध्ये पट्टी मागायला गेलात तर दाराला कुलूप. निघायच्या आधी गावी असतील त्या महिन्यांची पट्टी घ्या, ते बाहेर असतील ते महिने माफ करा. शेतकऱ्यांना वर्षाची एकदम भरायची सोय द्या. वसुली बचत गटातल्या बायकांकडे दिली तर फार फरक पडतो, त्यांना त्यातून थोडा मोबदला ठेवा. फुकट काम दोन महिने चालतं.

आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमा, खर्च, शिल्लक असे तीन आकडे चावडीच्या किंवा मंदिराच्या भिंतीवर लिहा. ज्या गावांत ही भिंत रंगत राहिली तिथली योजना मी बंद पडलेली पाहिलेली नाही.

समितीबद्दल. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ही ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामसभेनं नेमलेली समिती असते, निम्म्या बायका असल्या पाहिजेत. तुमच्याकडेही यादीत असतील, सह्या घरी जाऊन घेतल्या असतील. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा. सकाळी दहाला शेतात गेलेली बाई येणार नाही, रात्री आठला स्वयंपाक असतो. एका गावात संध्याकाळी पाचला, टाकीखालच्या ओट्यावर बैठक घ्यायला लागलो आणि चौघींच्या अकरा झाल्या. पाणी सकाळी सहाला सोडायचं की सात वाजता, हा त्यांचा पहिला निर्णय. दिसायला लहान, पण तोवर ती वेळ वॉलमनच्या सोयीनं ठरत होती.

कोणी म्हणालं की गावाला एकत्र पाणी सांभाळणं जमत नाही, तर त्यांना फड आठवून द्या. पांझरा, मोसम, गिरणेच्या खोऱ्यांत शेकडो वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालचं शिवार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, कोणता फड भिजवायचा आणि पाणी कमी असेल तर कोणता पडीक ठेवायचा हे लाभधारक बसून ठरवत. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला धान्यात. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती जमिनीची वाटणी: एका माणसाची जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे कोणताही फड कोरडा राहिला तर मोठ्याचंही नुकसान. तुमच्या नळयोजनेत तशी सोय नाही. सरपंचाच्या घरी पाणी येतंच, मग वरच्या आळीची कळ गावाला लागत नाही. म्हणून ती मुद्दाम लावून घ्यावी लागते, बादली मोजून.

विहिरीचंही आताच बघा. शिंदखेड्याचा पाऊस कमी, खाली काळा पाषाण, आणि त्यात साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या दगडी भिंती, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात. अशी भिंत भूजल अडवते, त्यामुळे तिच्या एका अंगाला विहीर चालते आणि दुसऱ्या अंगाला पन्नास पावलांवर कोरडी. नवीन विहीर किंवा बोअर घ्यायचा विषय निघालाच तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाहणी घ्या, नारळ हातावर उभा राहिला म्हणून खोदू नका. दर महिन्याला दोरीला दगड बांधून विहिरीतली पातळी मोजा. जानेवारीत पातळी मागच्या वर्षीपेक्षा खाली असेल तर उन्हाळ्याची तयारी तेव्हाच करायची, एप्रिलमध्ये टँकरचा अर्ज हातात घेऊन पळायचं नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा १९९३ पासूनचा कायदा आहे. तो मोडणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, म्हणून पोलिसांआधी ग्रामसभेत बोलून घ्या.

पाणलोटाचं काम शेजारच्या शिरपूर तालुक्यात जाऊन बघून या, सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचं काम तिथे उभं केलं. आपल्या गावात त्याची नक्कल करण्याआधी खालचा थर काय आहे ते विचारा, सगळीकडे तेवढंच खोल जाणं बरोबर नाही. आणि जमलं तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला समितीच्या बायकांना घेऊन जा. तिथलं काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण मला तिथे बघण्यासारखं वाटतं ते त्याच्या कितीतरी आधीचं: कुऱ्हाडबंदीचे आणि दंडाचे नियम गावानं स्वतः केले आणि स्वतःवर लावले.

शुद्धीकरणाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. पाणी दिवसातून तासभर येतं, उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. रिकामा पाइप जिथे फुटलाय तिथून बाहेरचं ओढून घेतो. घरची जोडणी गटारीतून गेली असेल तर तो गटार ओढतो. पावसाळ्यात एका आळीतच जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर विहिरीकडे जाण्याआधी त्या आळीच्या गटारीतले पाइप तपासा. टीसीएल हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या ८०,००० लिटरला रोज ४०० ग्रॅम. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्ध्या तासानंतरच पाणी सोडायचं. पोतं उघडं ठेवलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्ट टाकीखाली करून काही कळत नाही. ती शेवटच्या घरी करा, तिथे ०.२ पीपीएमचा (लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीनचा) पिवळेपणा दिसला तर गावभर पोहोचलं. गावचं पाणी सुरक्षित असल्याचं आरोग्य विभागाचं हिरवं कार्ड मिळालं म्हणून रोजची तपासणी सोडू नका.

संडासांचं शेवटी लिहितोय, कारण पाणी चढल्याशिवाय तो विषय काढू नये असं माझं मत आहे. हंडाभर पाणी लांबून आणणाऱ्या बाईला ते संडासात ओत म्हणणं अन्याय आहे. पाणी आलं की घरोघर जाऊन सरपण का भरलंय ते विचारा, आणि खड्ड्याचं झाकण उघडून बघा. १२,००० रुपयांच्या अनुदानातले बरेच संडास घाईत झाले. दोन खड्डे एकदम जोडलेले असतात, किंवा खड्डा तळापासून सिमेंटनं लिंपलेला, त्यामुळे पाणी मुरत नाही, महिन्याभरात तुंबतं आणि घर म्हणतं नको ते. खड्ड्याच्या विटांत जाळी सोडलेली हवी, तळ मोकळा हवा, एका वेळी एकच खड्डा चालू हवा. तुमच्या काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळू किंवा मुरूम भरून घ्या. पिण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर.

लोकांच्या मनात खड्डा भरेल आणि उपसावा लागेल, ही भीती खोल असते. त्यावर बोलून उपयोग होत नाही, दाखवावं लागतं. दीड वर्ष बंद ठेवलेला एक खड्डा आम्ही गावासमोर उघडला होता. आत कोरडं, कॉफीच्या चुऱ्यासारखं काळसर खत, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. मी मूठभर हातात घेतलं. थोडा वेळ कोणी पुढे आलं नाही. मग एक मावशी पुढे आल्या, चिमूटभर बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या की हे माझ्या मिरचीला टाकते. त्या हिवाळ्यात त्या आळीतल्या नऊ घरांनी संडासातलं सरपण बाहेर काढलं. कोणाला खत उपसायला लावायचं हा प्रश्न मात्र सुरुवातीलाच मिटवा: ज्याचा खड्डा त्यानं, पूर्ण विश्रांतीनंतर. ते काम एखाद्या जातीच्या माणसाला बोलावून करून घ्यायची पद्धत गावात पाडू देऊ नका. ताजा मैला कोणाकडूनही हातानं काढून घेणं कायद्यानं गुन्हा आहे आणि माणूस म्हणूनही लाज आणणारं आहे.

तुमच्या गावाला लागून एखादा लांबचा पाडा किंवा वस्ती असेल, जिथे मुख्य टाकीचं पाणी नेणं परवडत नाही, तिथे सौर दुहेरी पंपाचा विचार करा. एकाच बोअरमध्ये हातपंपही राहतो आणि छोटा पंप ५,००० लिटरची टाकीही भरतो. ऊन नसलं तर हातपंप आहेच. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर वीजबिलाची चिंताच नसल्यानं ही योजना टिकते. फक्त हातपंपाचं वॉशर बदलायला पाड्यातलीच दोन माणसं शिकवून ठेवा.

या महिन्यात इतकंच करा: तीन घरांची बादली, व्हॉल्व्हचे आटे, रात्रीची काठी. पुढच्या महिन्यात भिंतीवरचा हिशेब. तुमची खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आहे. भर उन्हाळ्यात लेकी माहेरी येतात, नातवंडं येतात, पाच माणसांच्या घरात नऊ होतात आणि विहीर सगळ्यात खाली गेलेली असते. आखाजीच्या आदल्या आठवड्यात वरच्या आळीच्या शेवटच्या घरी पुन्हा बादली लावा आणि किती वेळ लागला तो आकडा मला कळवा. तीन मिनिटांच्या वर गेला तर मी स्वतः येतो, लेव्हल ट्यूब घेऊन.